रात्रीचा घाम, यिन-यांग आणि तेलांची पेटी

*ताई, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, नंदगडच्या बाजूची. वय ४८. घरीच शिवणकाम करते. घरात सासूबाई, मिस्टर, मुलगा-सून आणि आठ महिन्यांचा नातू. वर्ष झालं, रात्री दोन-अडीचला अंगातून वाफा निघतात, मान-पाठ घामानं भिजते, छातीत धडधडतं आणि मग झोप म्हणून येत नाही. पाळी दोन-तीन महिन्यांतून एकदा येते. थायरॉईडची गोळी चार वर्षं चालू आहे. सासूबाई म्हणतात उष्णता वाढलीय, सब्जा घे. आमच्या महिला मंडळातल्या एक वैनी बेळगावला कसल्याशा क्लासला जाऊन आल्या. त्या म्हणतात, तुझं यिन कमी झालंय आणि यांग वर चढलंय. त्यांनी इसेन्शियल ऑइलची दहा बाटल्यांची पेटी दिली, साडेपाच हजारांची, हप्त्यानं. सकाळी रोझमेरी आणि आल्याचं तेल बेंबीला नि तळपायाला लावायचं, ते यांगचं. रात्री लॅव्हेंडर, जिरेनियम, चंदन मनगटाला, ते यिनचं. लिंबाच्या तेलाचे दोन थेंब उपाशीपोटी पाण्यातून घ्यायचे. तीन महिन्यांत थायरॉईडची गोळी सुटेल म्हणाल्या. बाळाला सर्दी झाली की झबल्याला निलगिरी लावायची. यिन म्हणजे शक्ती आणि यांग म्हणजे शिव, सगळं आपलंच आहे, असंही सांगतात. लॅव्हेंडरचा वास मला खरंच आवडला, लावला त्या रात्री झोपही बरी लागली. मिस्टर म्हणतात पैसे पाण्यात गेले. वैनींशी रोजची ऊठबस आहे, त्यांना दुखवायचं नाही. काय खरं मानू, सांगा की.*

ताई, नमस्कार.

बाकी सगळं सावकाश बोलू. दोन गोष्टी मात्र हे वाचत असाल त्याच दिवशी करा.

नातवाच्या अंगावर, झबल्यावर, पाळण्यात किंवा उशीला निलगिरीचा एकही थेंब नको. पेपरमिंट नको, कापूर नको. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या नाकाजवळ यातलं काहीच न्यायचं नसतं. पेपरमिंटमध्ये असतं त्या मेंथॉलच्या वासानं तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो. निलगिरीचं तेल किंवा कापूर पोटात गेला तर झटके येतात, आणि त्याला चमचाभरही लागत नाही. आठ महिन्यांचं पोर रांगायला लागलेलं असतं, हाताला येईल ते तोंडात घालतं. त्यामुळे ती पेटी जिथे असेल तिथून काढा आणि कुलपाच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवा. चुकून कधी बाळाच्या पोटात तेल गेलंच, तर उलटी काढायला बोटं घालू नका. उलटी होताना तेल श्वासनळीत उतरतं आणि फुप्फुसाला इजा करतं. बाटली हातात घ्या, १०८ ला फोन लावा आणि बाळाला दवाखान्यात न्या. सर्दीला मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात, ते आणि आईचं दूध पुरतं. श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त वेळा होत असेल, बरगड्यांखाली पोट आत ओढलं जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर घरचा कुठलाही उपाय करत न बसता थेट डॉक्टरांकडे जा.

दुसरी गोष्ट थायरॉईडच्या गोळीची. ती बंद करू नका. कमी करू नका, एक दिवसाआड करू नका. आणि लिंबाच्या तेलाचं पाणी आजपासून बंद.

गोळीबद्दल जरा सविस्तर सांगते. मी औषधशास्त्र शिकलेली आहे आणि बरीच वर्षं औषधाच्या दुकानात बसते. या एका गोळीच्या बाबतीत लोक कसे फसतात ते रोज बघते. या गोळीतलं औषध, लिव्होथायरॉक्सिन, शरीरात फार सावकाश उतरतं. गोळी आज थांबवली तर अंगातलं औषध निम्म्यावर यायलाच सुमारे आठवडा लागतो. म्हणजे पहिले पंधरा-वीस दिवस माणसाला काहीच जाणवत नाही. त्याच पंधरा-वीस दिवसांत जर कुणी तेल लावत असेल, तर त्याला वाटतं, बघा, गोळी सोडली तरी मी ठणठणीत, तेल लागू पडलं. नंतर अंग जड होतं, सूज येते, बद्धकोष्ठ होतं, केस गळतात. तोवर तेलाचं नाव झालेलं असतं आणि दोष येतो हवेवर.

आता तुमची लक्षणं बघा. रात्री घाम, धडधड, झोपमोड. पाळी लांबलेली आहे, वय ४८ आहे, त्यामुळे पाळी जाण्याचा काळ सुरू झाला असणार हा अंदाज बरोबर वाटतो. आपल्याकडे बहुतेक बायकांना तो पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान येतो. पण थायरॉईडच्या गोळीचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला असेल, तर अगदी हीच तीन लक्षणं दिसतात: घाम, धडधड, निद्रानाश. चार वर्षांपूर्वी ठरवलेला डोस आज तसाच चालू आहे का, मधे टीएसएच (थायरॉईडचा डोस बरोबर आहे का हे दाखवणारी रक्ताची तपासणी) कधी तपासला होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे पहिलं काम रक्त तपासणं. टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर, आणि त्याबरोबर रक्तदाब. खानापूरच्या तालुका दवाखान्यात जा किंवा बेळगावला तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील त्यांच्याकडे. केसपेपर कन्नडात असतो म्हणून बिचकू नका. मुलाला बरोबर घ्या, जुनी फाईल आणि गोळीचं पाकीट घ्या. डॉक्टरांना तेलांबद्दलही सांगा, लपवू नका. डोस बदलला तर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी केली तर आकडा खरा कळत नाही. आणि एक विचारून ठेवते: वजन उतरतंय का, संध्याकाळी कणकण असते का, दोन आठवड्यांवर खोकला आहे का? असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. रात्रीचा घाम टीबीतही येतो.

हे झालं तातडीचं. आता यिन-यांग.

वैनींनी तुम्हाला जे सांगितलं त्यातला एक भाग त्यांनी मनानं रचलेला नाही, हे आधी मान्य करायला हवं. चिनी वैद्यकात रात्रीचा घाम, तळहात-तळपायांची आग, उडालेली झोप याला खरोखरच यिन कमी झाल्याची लक्षणं म्हणतात, आणि पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांचं निदान तिथले वैद्य बहुतेक वेळा असंच करतात. फार जुना विचार आहे तो. डोंगराची उन्हाची बाजू यांग, सावलीची बाजू यिन. तुमच्याकडे कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला जो डोंगर सकाळी एका अंगानं उन्हात असतो, तोच संध्याकाळी त्या अंगानं सावलीत जातो. डोंगर तोच, बाजू फिरते. दिवस, ऊब, हालचाल, कोरडेपणा यांगमध्ये. रात्र, गारवा, विसावा, ओलावा यिनमध्ये. एकाच्या पोटात दुसऱ्याचं बीज असतं आणि दोन्ही सतत एकमेकांत मिसळत, बदलत असतात. या मांडणीत कुणी कायमचं यिन नसतं की कायमचं यांग नसतं. सुंदर विचार आहे, आणि त्याची टिंगल करावी असं मला मुळीच वाटत नाही.

पण चिनी वैद्य ते निदान नाडी आणि जीभ बघून करतो, बरेच प्रश्न विचारतो, आणि मग देतो तो काढा, सुया किंवा शेक. बाटलीतल्या तेलांना यिन आणि यांग अशी नावं वाटण्याचं काम चीनमधल्या जुन्या वैद्यांचं नाही. अरोमाथेरपी हे नावच फ्रान्समधल्या रेने-मॉरिस गातफोसे या रसायनतज्ज्ञानं रूढ केलं, त्याचं त्या नावाचं पुस्तक १९३७ सालचं. तेलांवर यिन-यांगची लेबलं लागली ती त्याच्याही नंतर, युरोपातल्या लेखकांकडून. हजारो वर्षांची परंपरा वाटावी अशी जी यादी तुम्हाला दिली गेली, तिचं वय शंभर वर्षंसुद्धा नाही. शिवाय या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. पेपरमिंटच घ्या. कातडीला लावलं की गार वाटतं, म्हणून कुणी त्याला यिनमध्ये बसवतं. डोकं तरतरीत करतं म्हणून दुसरं कुणी यांगमध्ये. खरं तर मेंथॉल कातडी गार करतच नाही. गारवा ओळखणारे जे मज्जातंतू असतात, त्यांनाच ते चेतवतं. थर्मामीटर लावून बघितलं तर आकडा तोच असतो. मग तुमचं कुठलं पारडं जड झालं आणि त्यात कुठला थेंब घालायचा, हे पेटीवरचा कागद कसं ठरवणार?

शिव-शक्तीचं म्हणाल, तर तिथे माझा वैनींशी खरा मतभेद आहे. चिनी कल्पनेत यिन शांत, स्वीकारणारं, आणि त्यालाच स्त्रीतत्त्व म्हटलंय. हालचाल आणि जोर यांगकडे, पुरुषाकडे. आपल्याकडे उलट आहे. आपला शिव स्तब्ध आहे आणि शक्ती क्रियेची. शक्तीवाचून शिव म्हणजे शव, असं आपण म्हणत आलो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, देवी गप्प बसणारी आहे का म्हणून. दोन्ही परंपरा आपापल्या जागी मोठ्या आहेत. विक्रीसाठी एकीवर दुसरीचं लेबल चिकटवलं की दोघींचंही नुकसान होतं. तसंच सासूबाईंच्या उष्णतेचं. आपलं उष्ण-थंड आणि चिनी यिन-यांग यांत साम्य दिसतं, पण त्यांचे नियम वेगळे आहेत. सब्जा घ्या, वाळ्याचं पाणी प्या, बरं वाटतं, त्रास काही नाही. फक्त त्यानं पाळीचे हार्मोन्स जागेवर येत नाहीत. आणि गोळी घेतल्यावर तासभर तरी सब्जा, दूध, चहा काही नको. गोळी साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती चार तासांच्या अंतरानं.

मग लॅव्हेंडरनं झोप कशी लागली? लागली असणार. मी ते खोटं म्हणत नाही. वासाचे तंतू मेंदूच्या भावना आणि आठवणींच्या भागाशी फार जवळून जोडलेले असतात, इतर इंद्रियांपेक्षा कितीतरी सरळ. म्हणून मोगऱ्याचा गजरा नाकाशी आला की एखादं लग्नघर डोळ्यांपुढे उभं राहतं. लॅव्हेंडरच्या वासानं झोप थोडी सुधारते असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पण त्या अभ्यासांची एक मोठी अडचण असते: वास लपवता येत नाही. साखरेची गोळी खऱ्या गोळीसारखी बनवता येते, पण ज्याला लॅव्हेंडर दिलं त्याला ते कळतंच. त्यामुळे किती गुण तेलाचा आणि किती अपेक्षेचा, हे वेगळं काढणं जड जातं. यिन वाढलं की नाही हे मोजणारा अभ्यास तर होऊच शकत नाही, कारण ते मोजायचं कशानं? तुम्हाला मात्र अभ्यासाची वाट बघायची गरज नाही. वास आवडतो, मन निवतं, एवढं पुरेसं आहे. ते तेल ठेवा आणि वापरा. कसं वापरायचं ते खाली सांगते.

त्याआधी ही तेलं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण पत्रातली माझी सगळी काळजी तिथे आहे. तुमच्या परसात गवती चहा असेलच. चहात आपण दोन पाती टाकतो. त्याच गवताचं तेल काढायचं तर शंभर किलो ताजं गवत वाफेवर धरावं लागतं आणि हाती येतं जेमतेम पाव ते अर्धा किलो तेल. गुलाबाचं किलोभर तेल काढायला काही टन पाकळ्या लागतात. एवढं आटवलेलं द्रव्य आहे ते. पाती निरुपद्रवी म्हणून तेल निरुपद्रवी, हा हिशेब चुकतो.

एक गोष्ट करून बघा. गणपतीच्या मखरातला थर्माकोलचा तुकडा घरात पडलेला असेल. त्यावर पेटीतल्या लिंबाच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि थांबा. थेंब पडतो तिथे आधी चमकतं, मग कड आत ओढली जाते, थर्माकोलचे दाणे बसायला लागतात आणि बघता बघता तिथे चिकट खळगा होतो. लिंबूवर्गीय तेलातलं लिमोनिन थर्माकोल विरघळवतं. आता तोच थेंब तुम्ही सकाळी रिकाम्या पोटी घेत होता. पाण्यातून घेतलं म्हणून पातळ झालं असंही नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, आणि पहिल्या घोटाबरोबर सगळंच्या सगळं जिभेला आणि घशाला लागतं. लिंबू हवं असेल तर लिंबू पिळा. पोटात घेण्याजोगी काही तेलं औषधात आहेत, नाही असं नाही. पचनाच्या तक्रारीवर पेपरमिंटच्या कॅप्सूल डॉक्टर देतात. पण त्यांचं माप ठरलेलं असतं आणि वरचं कवच पोटात न विरघळता आतड्यात विरघळणारं असतं. पेटीतली बाटली तशी नसते. तुमच्या बाटल्यांवर बारीक इंग्रजीत ‘फक्त बाह्य वापरासाठी’ असं लिहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे, सुनेला वाचायला सांगा.

लिंबाच्या तेलाचं आणखी एक. दाबून काढलेलं लिंबाचं तेल आणि बर्गामोट या लिंबाच्याच जातीच्या फळाचं तेल अंगाला लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. भाताच्या कापणीला दिवसभर उन्हात उभं राहणाऱ्या बायकांना ही तेलं विकताना हे कुणी सांगत नाही याचा मला राग येतो.

बाकीच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. आल्याचं तेल बेंबीला नुसतं लावू नका, आग होईल, बाकी काही होणार नाही. ऐन घामाच्या दिवसांत ऊब आणणारं तेल चोळण्यात मला तर काहीच तथ्य दिसत नाही, आणि वैनींच्याच हिशेबानं बघितलं तरी चढलेल्या यांगला आणखी यांग कशाला? रोझमेरीनं सकाळी तरतरी वाटत असेल तर रुमालावर थेंबभर चालेल. घरात कुणाला फिट्सचा त्रास असेल तर रोझमेरी, निलगिरी, कापूर तिन्ही दूर ठेवा. पेटीत दालचिनीचं तेल असेल तर ते अंगाला लावूच नका, त्याची ॲलर्जी फार लवकर धरते. विंटरग्रीन नावाचं तेल असेल तर तेही कपाटात बंद. त्यात ॲस्पिरिनच्याच जातीचं द्रव्य असतं, फार कडक. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांना ते धोक्याचं, आणि मुलांना तर लहान चमचाभरसुद्धा जीवघेणं ठरू शकतं.

चंदनाचं काय, ते आपण कर्नाटकात राहून तरी ओळखायला हवं. मैसूर संस्थानानं १९१६ साली चंदनतेलाचा कारखाना काढला, तेव्हापासून इथलं तेल जगभर जातं. खऱ्या चंदनतेलाचा भाव किलोला लाखाच्या वर आहे. दहा बाटल्यांच्या साडेपाच हजारांच्या पेटीत दहा मिलीची अस्सल चंदनतेलाची बाटली बसवणं व्यवहारात जमत नाही. ते दुसऱ्या तेलात मिसळलेलं असेल किंवा कारखान्यात बनवलेला वास असेल. वास म्हणून वाईट नाही, पण ‘शुद्ध’ म्हणून पैसे दिले असतील तर विचारायला हवं. घरच्या घरी थोडा अंदाज येतो. पांढऱ्या कागदावर लॅव्हेंडरचा थेंब टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी तेलकट डाग राहिला तर त्यात साधं तेल मिसळलंय. चंदन आणि वाळ्याचं तेल मुळातच जड असतं, त्यांचा डाग सावकाश जातो, त्यामुळे ही परीक्षा त्यांना लागू नाही.

वनस्पतींना कमी लेखावं असं यातल्या कशातूनही मला सुचवायचं नाही. आपल्या बेळगावातच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, ती सह्याद्रीतल्या औषधी झाडांचाही अभ्यास करते. जोतिबाला आपण जो दवणा वाहतो, त्याचं तेल दक्षिण भारतात निघतं आणि परदेशी अत्तरवाले ते मागून घेतात. झाडात गुण आहे म्हणूनच त्याला माप लागतं.

आता लॅव्हेंडर कसं वापरायचं. तीस मिली तिळाच्या तेलात सहा थेंब, त्याहून जास्त नको. खोबरेलही चालेल, पण थंडीत आपल्याकडे ते थिजतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस बघा. खाज नाही, लाली नाही, तर पुढे जा. रात्री जेवणं आवरल्यावर तळपायाला ते लावायचं आणि काशाच्या वाटीनं घासायचं. घरात वाटी असेल, सासूबाईंनी जपून ठेवलेली असेल. यातली खरी गोम अशी की हे तुम्ही स्वतःचं स्वतः करायचं नाही. सुनेला सांगा, नाहीतर मिस्टरांना सांगा. दहा मिनिटं तुम्ही पाय पसरून पडायचं आणि कुणीतरी तुमचे पाय घासायचे. तेलकट पायांनी मोरीत जाऊ नका, घसराल. उशीजवळ कापसावर एक थेंब ठेवायचा असेल तर ठेवा, पण बाळ त्या खोलीत झोपत असेल तर तेही नको.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त जे जाणवलं ते इथेच सांगते. तुम्ही घरातल्या सगळ्यांची ओळख करून दिली, पण त्यांच्यातलं कोण तुमच्यासाठी काय करतं हे कुठेच नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत हालचाल, वर शिवणाची ऑर्डर, वर नातू, आणि रात्री दोनला जाग. चिनी वैद्याच्या भाषेत बोलायचं तर तुमच्या दिवसात सगळं यांगच यांग आहे. त्या भाषेतही यिन म्हणजे रात्र, विसावा, गारवा, आणि तो दिवसातून काढून घ्यावा लागतो. दुपारी जेवल्यावर अर्धा तास यंत्र बंद. नातू तेवढा वेळ सुनेकडे किंवा सासूबाईंकडे. चार वाजल्यानंतर चहा नको, तो गरम असतो आणि झोपही खातो. रात्रीच्या जेवणात झणझणीत कमी करा, कारण तिखट आणि गरम पदार्थांनी वाफांचा जोर वाढतो. नायलॉनचा गाऊन सोडून सुती घाला, उशाशी पाण्याचा तांब्या आणि ओला नॅपकिन ठेवा, जमेल तशी खिडकी उघडी. वाफ आली की घाबरून उठून बसू नका, सावकाश श्वास सोडत राहा, बहुतेक वाफा काही मिनिटांत ओसरतात.

एवढं करूनही रात्री जात नसतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. वाफांवर चांगली औषधं आहेत. हार्मोन्सची गोळी किंवा जेल सगळ्यांना चालत नाही, स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल किंवा रक्ताची गुठळी झालेली असेल तर नाहीच. पण ज्यांना चालतं त्यांना खूप आराम पडतो. हार्मोन्स नको असतील तर दुसऱ्याही गोळ्या आहेत. पाळी जाताना बायकांनी सोसायचंच असतं, असं आपल्याकडे धरून चाललेलं असतं. तसं काही नाही. आणि पाळी पूर्ण बारा महिने बंद राहून परत रक्त गेलं तर एक दिवसही थांबू नका.

वैनींचं राहिलं. त्यांनी तुम्हाला फसवलं असं मला वाटत नाही. क्लासमध्ये जे ऐकलं त्यावर त्यांचा विश्वास बसला, आणि बहुतेक त्यांच्याही डोक्यावर पुढच्या पेट्या खपवण्याचं ओझं असेल. त्यांना सगळ्यांसमोर मंडळात काही बोलू नका. घरी बोलवा, चहा करा आणि सरळ सांगा: “वैनी, लॅव्हेंडर मला आवडलं, ते मी ठेवते, त्याचे पैसे देते. न उघडलेल्या बाटल्या तुम्ही परत घ्या. पोटात मी काही घेणार नाही, बाळाला लावणार नाही, आणि गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सोडणार नाही.” परत घ्यायला त्यांची कंपनी तयार नसेल तर पुढचे हप्ते किती आणि कागदावर सही कुणाची, हे मिस्टरांना बघू द्या. सभासद व्हा, खाली चार बायका जोडा, असं म्हणाल्या तर मात्र ठाम नाही म्हणा. त्या चार बायकांपैकी कुणाच्या तरी घरात पाळणा असेल, कुणाची रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, आणि बाटली त्यांच्या हातात तुम्ही दिलेली असेल. बाळाच्या धोक्याचं मात्र वैनींना आवर्जून सांगा, शक्य तर हा मजकूरच वाचायला द्या. त्या मंडळात बोलतात, त्यांचं ऐकलं जातं. त्यांनी एकदा सांगितलं तर माझ्या दहा लेखांपेक्षा जास्त घरांत पोचेल.

टीएसएचचा रिपोर्ट आला की आकडा, गोळीचा डोस आणि वजन लिहून कळवा.